उरलेला डोंगर

चिचिबुतल्या माझ्या खोलीला एकच खिडकी होती आणि त्या खिडकीत एकच डोंगर. पण डोंगर पुरा नव्हता. शहराकडची त्याची अख्खी बाजू कापून काढलेली होती. माथ्यापासून खाली नुसत्या पायऱ्या, राखाडी-पांढऱ्या, एकीखाली एक. बर्फ पडलं की त्या वहीतल्या रेघांसारख्या ठळक दिसत. 'बुको-सान' हे त्याचं नाव. जपानीत डोंगराच्या नावापुढे 'सान' येतं आणि माणसाच्या नावापुढेही आदराने 'सान' लावतात. लिहायची अक्षरं वेगळी, पण उच्चार एकच. त्यामुळे घरमालक आजोबा डोंगराचं नाव घेत, तेव्हा ते घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलताहेत असंच मला वाटे.

टोकियोच्या वायव्येला साइतामा प्रांतात चिचिबुचं हे खोरं आहे. २०१६च्या ऑक्टोबरात मी तिथे आले. जवळच्या कारखान्यात दुभाष्याचं काम मिळालं होतं. घर एका वृद्ध जोडप्याचं होतं, खाली ते दोघं आणि वर मी. बाबांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मी परदेशातून घरी पोचले तोवर तिसरा दिवस उजाडला होता. आईने मला पाहिलं आणि काही न बोलता बाबांचं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. ते घड्याळ मी चिचिबुलाही नेलं होतं.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. कारखान्याला सुटी होती. आजी-आजोबा व्हरांड्यात पर्सिमनची फळं सोलत बसले होते. सोललेली फळं दोरीला बांधून ओळीने वाळत टाकायची, म्हणजे हिवाळ्यात खायला होतात. मीही सुरी घेऊन बसले. साडेबाराला भोंगा झाला. थोड्या वेळाने जमिनीच्या पोटातून आल्यासारखा एक दबका दणका आला, दाराची काच किंचित थरथरली आणि पुन्हा सगळं शांत झालं. माझा हात थांबला होता. मी खाली मान घालून पुन्हा सोलायला लागले.

आजोबा म्हणाले, "नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या दिवशी विचारतो, हा आवाज कसला. तू विचारलं नाहीस."

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले. "माझे बाबा हेच काम करायचे."

चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना, गडचांदूर, घुग्घुस हा सगळा पट्टा चुनखडीचा आणि सिमेंटचा. बाबा तिथल्या एका खाणीत ब्लास्टर होते, सुरुंग उडवणारे. भोंगा झाला की आई पाळण्यातल्या धाकट्या भावाच्या कानांवर हात ठेवायची. मग दणका व्हायचा, आणि आई मनातल्या मनात काही म्हणून पुन्हा कामाला लागायची. संध्याकाळी बाबा सायकलवरून येत तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत. सदरा धुवायला टाकण्याआधी आई तो अंगणात नेऊन झटकायची. हे सगळं मी त्या दिवशी आजोबांना माझ्या अडखळत्या जपानीत सांगितलं.

त्यांनी सुरी बाजूला ठेवली, हात पुसले, गुडघ्यांवर नीट बसले आणि माझ्यासमोर कमरेतून वाकून म्हणाले, "ओत्सुकारेसामा देशिता."

दिवसभराचं काम संपवून निघालेल्या माणसाला जपानी माणसं हे म्हणतात. फार दमलात, खूप केलंत, असा त्याचा भाव. तो नमस्कार मला नव्हता. तो माझ्यातून पलीकडे, कधीही न भेटलेल्या एका ब्लास्टरला होता. बाबांच्या मागे अनेक जण भेटून गेले होते. चांगला माणूस होता, अचानक गेला, असं सगळे म्हणाले होते. पण त्यांच्या कामाला कुणी नमस्कार केला नव्हता. मीही नाही. या लेखातलं सगळं ऋण त्या एका वाकण्यापासून सुरू होतं.

आजोबा स्वतः बुको-सानच्या खाणीत अठराव्या वर्षी लागले आणि साठाव्या वर्षी निवृत्त झाले. डोंगराबद्दल जे जे मला ठाऊक झालं, त्याची सुरुवात त्यांच्याच व्हरांड्यात झाली. बुको या नावाच्या अक्षरांचा अर्थ योद्ध्याचं चिलखत. यामातो ताकेरु या पुराणकथेतल्या वीराने आपलं चिलखत या डोंगरावरच्या गुहेत ठेवलं, अशी आख्यायिका आहे. शहराच्या मध्यावर असलेलं चिचिबु देवस्थान या डोंगराकडे पाहत उभं आहे. त्याची आजची वास्तू १५९२ साली तोकुगावा इएयासुच्या आश्रयाने उभी राहिली. पण देवळाच्याही आधीपासून लोक हात जोडत होते ते थेट डोंगराला. पाणी तिथून येतं, आणि पाणी आलं तरच भात लावता येतो.

डोंगराची उत्तरेची बाजू चुनखडीची आहे. ही चुनखडी कुठल्या डोंगरात तयार झालेली नाही. वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वी, दूर दक्षिणेच्या उबदार समुद्रात, पाण्याखालच्या ज्वालामुखीच्या माथ्यावर प्रवाळांची वस्ती होती. समुद्राचा तळ सरकत सरकत आला आणि ती वस्ती जपानच्या भूमीला येऊन चिकटली. आजोबांनी मला खाणीतला एक दगड दाखवला होता, हरभऱ्याच्या डाळीच्या रंगाची झाक असलेला. "हे समुद्राचं हाड आहे," ते म्हणाले.

या समुद्राच्या हाडांवर टोकियो उभं आहे. खाणकाम तसं आधीपासूनच होतं, पण १९२३च्या जानेवारीत चिचिबु सिमेंट कंपनी स्थापन झाली आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरच्या भूकंपाने टोकियो आणि योकोहामा उद्ध्वस्त झाले. लाकडाची शहरं जळून गेली होती. पुन्हा उभारायची ती सिमेंटची, असं ठरलं. पुढे महायुद्धाची राख झाली, मग भरभराटीचा काळ आला, आणि प्रत्येक वेळी चुनखडीने भरलेल्या मालगाड्या या खोऱ्यातून खाली उतरत राहिल्या. बुको-सानची उंची पूर्वी १३३६ मीटर होती. आज ती १३०४ मीटर आहे. शिखरच कापलं गेलं, म्हणून शिखरावरचं मिताके देऊळही हलवावं लागलं. ती वर्षं आजोबांच्या नोकरीतली होती.

"वाईट वाटलं का?" मी एकदा विचारलं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मे महिन्यात वर जाऊ. तिथे सांगतो."

त्याआधी डिसेंबर आला. २ आणि ३ डिसेंबरला चिचिबुचा रात्रीचा उत्सव असतो, योमात्सुरी. १ डिसेंबर २०१६ रोजी युनेस्कोने जपानमधल्या रथोत्सवांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं होतं, त्यात हाही होता. अवघ्या दोन दिवसांनी आलेल्या त्या उत्सवाला रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कंदिलांनी उजळलेले सहा रथ, दहा ते वीस टन वजनाचे, माणसं दोरांनी ओढत होती. ढोलांचा आवाज छातीत घुमत होता. आजीने माझा हात घट्ट धरला होता.

तिने मला उत्सवामागची गोष्ट सांगितली. देवळातली देवी म्योकेन आणि बुको-सानचा देव यांचं एकमेकांवर प्रेम. पण डोंगराच्या देवाला आधीच बायको आहे, ती गावातल्या सुवा देवळात राहते. म्हणून वर्षातून एकाच रात्री, तिची परवानगी घेऊन, दोघं भेटतात. रथ सुवा देवळाजवळ आले की ढोल थांबवायचे, तिला दुखवायचं नाही. खरोखरच तेवढ्या वाटेवर सगळं शांत झालं. एवढ्या मोठ्या जनसमुदायात फक्त चाकांची करकर ऐकू येत होती. कुणाचं काही घेतलं असेल तर निदान तिच्या दारावरून वाजत-गाजत जाऊ नये, हे ज्या गावाला कळतं त्या गावाबद्दल माझ्या मनात अपार माया दाटून आली.

आजी पुढे म्हणाली, "एप्रिलमध्ये पाण्याचा देव डोंगरावरून शेतात उतरतो. आज तो परत वर जातो. आणलेलं परत पोचवायचं असतं."

मेच्या मध्यावर, एका बुधवारी, आम्ही निघालो. रविवार नको, कामाचाच दिवस हवा, असा आजोबांचा आग्रह होता. ते तेव्हा ७८ वर्षांचे होते. योकोझे स्टेशनवरून पुढचा रस्ता चुनखडीच्या कारखान्यांमधून जातो. झाडांची पानं पांढरी, कौलं पांढरी, रस्त्याची कड पांढरी. कुणाला तो रस्ता रुक्ष वाटेल. मला त्या धुळीच्या वासाने घरी आणून सोडलं. बाबांच्या सदऱ्याचा वास तो.

मग कारखाने संपतात आणि तोरी लागते, देवाच्या हद्दीचं प्रवेशद्वार. दोन्ही बाजूंना दगडी राखणदार आहेत. इतर देवळांत ते सिंहासारखे असतात, इथे ते लांडगे आहेत. चिचिबुच्या डोंगरांत लांडगा हा देवाचा सेवक. जपानमधला खरा लांडगा शंभर वर्षांपूर्वीच नामशेष झाला, तो उरला आहे तो असा दगडात. आजोबांनी त्याच्या पाठीवरून गुरावरून फिरवावा तसा हात फिरवला.

तिथून वर, वाटेच्या कडेला आकडे कोरलेले दगड आहेत. देवळाजवळचा शेवटचा आकडा ५२. दोन्ही बाजूंना सीडरचं उंच, सरळ, अंधारं रान. आजोबांच्या पिशवीला बांधलेली, अस्वलांना दूर ठेवणारी घंटा एका लयीत वाजत होती. ती लय ऐकताना मला आमच्याकडच्या पौषातल्या वाटा आठवल्या. जिवतीकडचे गोंड आणि कोलाम त्या महिन्यात जंगुबाई देवीच्या गुहेकडे जातात. बाबांच्या टोळीतला एक कोलाम गडी दर पौषात सुटी मागायचा. "तिच्या डोंगरात वर्षभर भोकं पाडतो, एकदा तोंड दाखवायला नको?" हे त्याचं म्हणणं. बाबा त्याची सुटी कधी अडवत नसत.

अठराव्या दगडाजवळ फुदोचा धबधबा आहे. धबधबा कसला, खडकावरून उतरणारी बारीक धार. तिथे प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या ठेवलेल्या होत्या आणि पाटीवर विनंती होती: वरच्या स्वच्छतागृहासाठी पाणी लागतं, जमेल तेवढं घेऊन जा. आजोबांनी दोन बाटल्या काढल्या, विसळल्या, भरल्या. एक स्वतःच्या पिशवीत घातली, एक माझ्या.

"देवासाठी?" मी विचारलं. पाटीवरची सगळी अक्षरं मला वाचता आली नव्हती.

"संडासासाठी," ते म्हणाले. "वर पाणी नाही. देवाला पाणी लागत नाही, माणसांना लागतं."

गाडगेबाबांच्या मुलखात वाढलेल्या मला हे समजावून सांगावं लागलं नाही. मी बाटली पाठीशी घट्ट बसवली आणि चालू लागले.

बत्तिसाव्या दगडाजवळ एक प्रचंड जुना सीडर आहे. तिथे आम्ही बसलो. आजीने दिलेले भाताचे गोळे निघाले, आत चिचिबुकडच्या शाकुशिना भाजीचं आंबट लोणचं. खाता खाता आजोबांनी एका फुलाबद्दल सांगितलं. चिचिबु-इवाझाकुरा, गुलाबी, चुनखडीच्या फटीत उगवणारं, आणि फक्त याच डोंगराचं. इथल्या चुनखडीवरच्या वनस्पतींना १९५१ सालीच राष्ट्रीय नैसर्गिक ठेव्याचा दर्जा मिळाला होता. "पोरगा होतो तेव्हा मेमध्ये कड्यांवर दिसायचं," ते म्हणाले. "आता रानात सापडणं मुश्कील." ते पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

माथ्यावर पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. मिताके देवळासमोर टाळी वाजवून नमस्कार केला आणि मागच्या कठड्यापाशी गेलो. खाली सगळं चिचिबु पसरलेलं होतं. नदी, पूल, शाळेचं मैदान आणि कुठेतरी आमचं घर. पण माथा आणि शहर यांच्यामध्ये पाय ठेवायला काही उरलेलं नव्हतं. कठड्याच्या पलीकडे डोंगर एकदम संपत होता. खोलीतून ज्या पायऱ्या दिसत, त्या पायऱ्यांच्या डोक्यावर आम्ही उभे होतो.

आजोबांनी घड्याळ पाहिलं. टोपी काढली. मीही बाबांचं घड्याळ पाहिलं. साडेबारा. भोंगा झाला आणि मग तो दणका, या वेळी कानांना नव्हे, तळपायांना जाणवला. खालून धुळीचा एक ढग सावकाश उठला. आजोबा हात जोडून, मान खाली घालून उभे होते.

"बेचाळीस वर्षं," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "या डोंगराने माझ्या आईचं औषधपाणी केलं, दोन मुलांना शिकवलं, ते घर बांधलं. माझ्या वडिलांनी याची पूजा केली. मी याला फोडलं. पूजा मीही सोडली नाही. लोक विचारतात, दोन्ही कसं जमतं? वाईट वाटलं का, असं तू विचारलं होतंस. वाटलं. रोज वाटायचं. वाईट वाटणं थांबेल त्या दिवशी काम सोडायचं, असं मी ठरवलं होतं. ते थांबलं नाही, म्हणून साठीपर्यंत करू शकलो."

मग त्यांनी मला 'ओकागेसामा' हा शब्द नव्याने शिकवला. कसे आहात विचारलं की जपानी माणूस म्हणतो 'ओकागेसामादे', आपल्या कृपेने बरा आहे. मी तो हजारदा वापरला होता. "पण त्यात 'कागे' आहे," आजोबा म्हणाले. "कागे म्हणजे सावली. कुणाच्या तरी सावलीत आहे म्हणून बरा आहे. आमच्यासाठी ती याची सावली." त्यांनी पायाखालच्या खडकाकडे बोट केलं. "सावली देणारा झिजत जातो. त्याला परत काय देणार? बत्तीस मीटर मी चढवू शकत नाही. एक लिटर पाणी चढवू शकतो."

माझ्या मनात तेव्हा बाबांचं सगळं आयुष्य एकदम उभं राहिलं. खंडेनवमीला ड्रिल मशीनला झेंडूचा हार घालणारे बाबा. पहिलं भोक मारण्याआधी जमिनीला हात लावून "माफ कर माय" म्हणणारे बाबा. ते असं म्हणतात हे मी लहानपणी एकदा खाणीवर डबा द्यायला गेले असताना ऐकलं होतं आणि विसरून गेले होते. पुण्यात वसतिगृहाच्या अर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'खाजगी नोकरी' लिहिलं होतं. वर्षानुवर्षं तेच लिहीत आले. त्या नोकरीच्या धुळीतून माझी जपानीची फी भरली गेली, त्या धुळीतूनच मी जपानला पोचले, आणि तिचं नाव कागदावर लिहायला मी कचरले. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या कठड्यापाशी आजोबांना सांगितलं.

ते रागावले नाहीत, त्यांनी समजूतही घातली नाही. माझ्या पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चल, ओतून येऊ." स्वच्छतागृहाच्या टाकीत आम्ही दोन लिटर पाणी ओतलं. तळाशी लागल्याचा आवाज आला. संध्याकाळपर्यंत ते कुणी अनोळखी माणसाने वापरून संपवलंही असेल.

उतरताना आम्ही हाशिदातेच्या बाजूने आलो. चिचिबुच्या चौतीस कान्नोन देवळांच्या यात्रेतलं अठ्ठाविसावं देऊळ तिथे आहे, चुनखडीच्या उत्तुंग, न कापलेल्या कड्याच्या पायथ्याशी. आजोबा त्या कड्याकडे मान वर करून खूप वेळ पाहत होते. लहानपणी पाहिलेला पुरा डोंगर त्यांना तिथे दिसत असावा.

२०१८च्या मार्चमध्ये मी पुण्याला परतले. आई माझ्यासोबत राहायला आली. आजोबांची पत्रं येत, मोठ्या अक्षरात, मला वाचता यावीत म्हणून अवघड चिन्हांवर बारीक उच्चार लिहिलेली. २०२१च्या जानेवारीत आलेलं पत्र आजीच्या हातचं होतं. करोनाने दोन्ही देशांची दारं बंद होती. दुसऱ्यांदा मी वेळेवर पोचले नाही. त्या दुपारी मी आणि आई घरात बसलो होतो. मी पुण्याच्या घरात जमिनीवर गुडघ्यांवर नीट बसले, ईशान्येकडे तोंड केलं आणि वाकून म्हणाले, "ओत्सुकारेसामा देशिता." आईने अर्थ विचारला. मी सांगितला. ती उठून माझ्या शेजारी आली आणि तिनेही तसंच वाकून केलं. ती बाबांना म्हणत होती की आजोबांना, हे मी विचारलं नाही.

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये मी चिचिबुला गेले. व्हरांड्यात पर्सिमन टांगलेले होते, पूर्वीपेक्षा कमी. आजीची पाठ वाकली होती. दुसऱ्या दिवशी, कामाच्या दिवशी, मी एकटी निघाले. लांडग्याच्या पाठीवरून हात फिरवला. फुदोच्या धारेखाली दोन बाटल्या भरल्या. वाटेत आकडे मोजत गेले. साडेबाराला कठड्यापाशी उभी राहिले, दणका तळपायांनी ऐकला, मग दोन्ही बाटल्या टाकीत रिकाम्या केल्या.

संध्याकाळी आजीने चहा ओतला आणि विचारलं, "किती नेलंस?"

"दोन लिटर."

"एक यांचं," ती देवघरातल्या फोटोकडे पाहून म्हणाली. "आणि दुसरं?"

"बाबांचं."

तिने मान हलवली. मग पेला माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "आणि तुझं?"

मी उत्तर देऊ शकले नाही. खिडकीबाहेर बुको-सान अंधारत चालला होता, पायऱ्या एकेक करून दिसेनाशा होत होत्या. आजी थांबली होती.

"माझं राहिलंय," मी म्हणाले. "पुन्हा येईन."

"ये," ती म्हणाली. "बाटली धुऊन ठेवते."